या घरात थिनरचा वास येणार नाही

महाल, नागपूर
12 डिसेंबर

तीर्थस्वरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं तीनदा ठरवलं. पण तिकडे पुण्याला दादा फोन स्पीकरवर टाकतो, आई मधेच "जेवलीस का" विचारते आणि बाबा, तुम्ही "बरं" म्हणून फोन आईच्या हातात देता. त्या "बरं"ची मला भीती वाटते. म्हणून पत्र.

मी नोकरी सोडली. 30 नोव्हेंबर शेवटचा दिवस होता. कोणी काढलं नाही, भांडण झालं नाही, तब्येतही उत्तम आहे. पीएफला हात लावलेला नाही, आरोग्य विमा स्वतःच्या नावानं वेगळा घेतलाय, आठ महिने पुरतील एवढे पैसे बँकेत आहेत. हे सगळं आधी लिहून टाकते, कारण पुढचं वाक्य वाचलं की बाबा पत्र खाली ठेवतील. मी मागच्या खोलीत स्क्रीन प्रिंटिंग, तुमची ती जाळीतून शाई ओढायची छपाई, सुरू केलंय.

ठेवलं ना? आई, त्यांना पाणी दे आणि पुढचं तू वाचून दाखव.

बाबा, 2009 साली इतवारीतल्या लग्नपत्रिका छपाईच्या दुकानाचं शटर शेवटचं ओढून आलात, त्या रात्री ताटावर बसून तुम्ही म्हणाला होता, "या घरात पुन्हा थिनरचा वास येणार नाही." मला ते शब्दन् शब्द आठवतं. आणि तो वास आलेला नाही, देवाशप्पथ. माझी शाई पाण्याची आहे. स्क्रीन धुवायला नळ आणि स्पंज लागतो, बस. जाळीवर लावायचं इमल्शन डब्यात तयार मिळतं. त्यात कालवायचं ते नारिंगी बायक्रोमेट, ज्यानं तुमची बोटं बारा महिने पिवळी असायची आणि आई तुम्हाला माझा वरणभात कालवू द्यायची नाही, ते मी घरात आणलेलं नाही. ते किती विषारी असतं, हे तेव्हा तुम्हाला कोणी सांगितलं असतं तर! एक्झॉस्ट पंखा लावलाय, खिडकीची जाळी काढून मोठी केलीय. तरीही छपाई चालू असताना तुम्ही आत यायचं नाही. उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून देईन, तिथून ओरडायला मोकळीक आहे.

आता आई, तुझं. मागची खोली म्हणजे तुझ्या कुरड्या-सरगुंड्यांची खोली, ते मला माहीत आहे. सगळे डबे वरच्या खोलीत नेलेत, आधी फडताळ पुसून, खाली कागद अंथरून. लोणच्याच्या बरण्या मी स्वतः एकेक करून उचलल्या, बाईला हात लावू दिला नाही. एकीचं झाकण तडकलंय, पण ते आधीपासूनच तडकलेलं होतं (मला तसं वाटतं). देवघराकडे शाईचा हात गेलेला नाही. तुळशीला शाईचं पाणी घालत नाही, हे तू विचारणारच होतीस.

मी काय छापते ते सांगते. गाण्याच्या कार्यक्रमांची पोस्टर्स. खळ लावून बर्डीच्या पुलाखाली चिकटवतात ती नव्हेत. जाड कागद, अठरा बाय चोवीस इंच, आणि मोजून 75 प्रती. प्रत्येकीवर खाली पेन्सिलीनं नंबर टाकते: 1/75, 2/75, असं. लोक कार्यक्रम ऐकून जाताना विकत घेतात आणि घरी फ्रेम करून लावतात.

बाबा, तुम्ही काय म्हणाल ते मला ऐकू येतंय. "पंच्याहत्तर? अगं, स्क्रीन बनवायची मेहनत तीच, सेटिंग तेच, मग हजार काढ की! पंच्याहत्तर कोण काढतं?" पहिल्यांदा स्क्रीन धुवायला घेतली तेव्हा माझाही हात अडला. चांगली कडक, एक टिंब न उडालेली स्क्रीन, अजून पाचशे सहज निघाले असते, आणि मी तिच्यावर रिमूव्हर चोळतेय. पाप वाटलं. मग एकदम आठवलं की तुम्ही पण धूतच होता. प्रत्येक लग्नाची धूत होता. तीच पत्रिका दुसऱ्या लग्नाला कोण छापणार? मुहूर्त टळला की पत्रिकेचं काम संपलं. कार्यक्रमाचंही तसंच आहे, बाबा. ती रात्र एकदाच होते. फरक एवढाच की तुमच्या पत्रिका लोकांनी कपाटाच्या खणात अंथरल्या आणि माझी पोस्टर्स ते भिंतीवर लावतात. त्यातही तुमचं काम जास्त बारीक होतं. पत्रिकेच्या अक्षरांना तुम्ही 120ची बारीक जाळी लावायचात. माझं 90च्या जाळीत भागतं.

हे खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं, ते दादा सांगेलच, मोबाईलवर दाखवेलही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला 1966च्या सुमारास फिलमोर नावाच्या हॉलमधल्या गाण्यांसाठी अशी पोस्टर्स निघायला लागली. ती बहुतेक ऑफसेटवरची, तुम्ही बघताक्षणी ओळखाल. त्या काळातला व्हिक्टर मोस्कोसो हा येल विद्यापीठात जोसेफ अल्बर्सकडे रंग शिकलेला. लाल आणि निळा सारख्याच जोरानं शेजारी ठेवायचा, म्हणजे अक्षरं डोळ्यांपुढे थरथरतात. वाचायला वेळ लागतो, आणि तो वेळ लागावा हीच त्याची इच्छा. तुमचं म्हणणं माहीत आहे: अक्षर वाचता आलं पाहिजे, नाहीतर वऱ्हाड भलत्याच मंगल कार्यालयात जाऊन जेवून येतं. म्हणून मी तारीख आणि जागा नेहमी ठळक ठेवते. तुमच्यासाठी. बाकीची अक्षरं थरथरली तर थरथरू दे.

पहिलं पोस्टर सप्टेंबरात केलं. म्हणजे नोकरीत असतानाच. म्हणजे तुमच्यापासून तीन महिने लपवलं, ते एक माफ करा. धरमपेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये चार पोरांचा बँड खडी गंमतीची, आपल्या विदर्भातल्या लोकनाट्याची, गाणी गिटार आणि ढोलकीवर गाणार होता. पोळ्याच्या पाडव्याच्या आसपास होतं, म्हणून मला पिवळी मारबत काढायची होती. आई, तुला आठवतं, मी फोन करून विचारलं होतं, "मारबतीचं चित्र कोणी घरात लावतं का गं?" आणि तू म्हणालीस, "वेड लागलं का? तिला वेशीबाहेर नेऊन जाळतात अन् तू घरात लावून राहिली!" ऑफिसातल्या स्पर्धेसाठी हवंय, असं मी खोटं बोलले. पण तू नसतीस तर 75 घरांत मी ईडापीडा वाटून आले असते. मग मारबतीचा फक्त पिवळा घेतला आणि तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल काढला. आपलाच. बाबांनी रंगवलेला, मागचं उजवं चाक नसलेला. पोस्टरवरही ते चाक नाही. त्या जागी ढोलकी आहे.

स्क्रीन तीनच: पिवळी, लाल, काळी. लाल पारदर्शक ठेवला, त्यामुळे पिवळ्यावर जिथे पडला तिथे आपसूक नारिंगी उठला. चौथा रंग फुकटात. बाबा, तुम्ही लाल कुंकू आणि हळदीच्या पत्रिकेत हेच करायचात, आणि गिऱ्हाईकाकडून पैसे मात्र तीन रंगांचे घ्यायचात.

काम सोपं नाही, तेही लिहिते, नाहीतर तुम्हाला खरं वाटणार नाही. मे महिन्यात चाचणी घ्यायला बसले. बाहेर 45 डिग्री. पाण्याची शाई चार हात ओढेपर्यंत जाळीतच वाळायची, पाचव्या कागदावर अर्धं चित्र गायब. मग कूलर लावला. शाई वाळायची थांबली, पण कूलरच्या दमट हवेनं कागद फुगला आणि दुसरा रंग पहिल्यावर बसेना. पिवळा एकीकडे, काळा एकीकडे, मधे पांढरी फट. दोन रात्री रडले. शेवटी कळलं की कागद आदल्या दिवसापासून त्याच खोलीत, त्याच हवेत उघडा ठेवायचा आणि पहाटे पाच ते नऊ एवढंच छापायचं, कूलर बंद ठेवून. तुमच्या तेलाच्या शाईला हा ताप नव्हता. आता थंडीत हात भरून काम होतं.

पहिल्या खेपेला शंभर कागद घेतले. तीन रंग, म्हणजे तीनशे हात. खांदा दोन दिवस वर जात नव्हता. 19 वाया गेले. 75वर नंबर घातले, सहा आपल्यासाठी ठेवले.

एक्सपोजिंगला, म्हणजे उजेडानं स्क्रीनवर चित्र उमटवायला, मी दिवा लावते, ऊन नाही वापरत. पण दिवा लावला की अजून तोंडानं आकडे मोजते. गच्चीवर तुम्ही फोम, स्क्रीन, पॉझिटिव्हची फिल्म, काच असं रचायचात आणि मला म्हणायचात, "मोज शंभरपर्यंत, सावकाश." एकदा पाय इतके भाजत होते की मी पन्नास-साठ-सत्तर करत शंभर गाठले. तुम्ही नळाखाली धरली तशी सगळी स्क्रीन वाहून गेली, नवरदेवाच्या नावासकट. संध्याकाळी पत्रिका द्यायच्या होत्या. तुम्ही काही बोलला नाहीत. खाली गेलात, पोतं ओलं करून आणलंत, माझ्या पायाखाली टाकलंत आणि म्हणालात, "आता मोज." बाबा, त्या दिवशी पत्रिका वेळेत गेल्या का, हे मी कधी विचारलंच नाही.

तर, हिशोब. 61 प्रती गेल्या, 900 रुपयांनी. 54,900. बँडला वीस टक्के दिले, 10,980. कागद, शाई, जाळी मिळून 14,000. हातात 29,920 राहिले, तीन आठवड्यांच्या रात्री जागून. पगाराएवढे नाहीत, मला कळतं. पण पुण्याच्या एका बँडचं काम आलंय, जानेवारीत दोन कार्यक्रम आहेत, आणि ओळखीच्या दोन कंपन्यांचं डिझाईनचं काम घरून करतेच आहे. एक वर्ष. वर्षभरात नाही जमलं तर पुन्हा अर्ज करीन, कोणी न सांगता. आणि हो, "नोकरी सोडलेली मुलगी" म्हणून ते अकोल्याचं स्थळ आता मागे फिरेल, तर फिरू दे. मुलाला नागपूर आवडतच नव्हतं.

दादाशी मी आजच वेगळं बोलणार आहे. घर भाड्यानं द्यायचा त्याचा विचार चुकीचा नव्हता, तुमच्या औषधांचा विचार करूनच तो बोलला होता. पण घर द्यायचं नाही. मी इथे आहे. त्यानं तुम्हाला सांगितलं तर तुम्ही माझी बाजू घ्या असं म्हणत नाही, फक्त लगेच "बरं" म्हणू नका.

तुमच्या स्क्रीनच्या फ्रेम्स माळ्यावरून काढल्या, तुम्हाला न विचारता. सागवानी आहेत, एकही पिळवटलेली नाही. जुन्या जाळ्या कापताना एकीच्या कोपऱ्यात "चि. सौ. कां." एवढंच अडकून राहिलेलं सापडलं. तो तुकडा कापून ठेवलाय, फेकला नाही.

आता ऐका. बाबा, श्वासाचा पंप दोन वेळा, आणि घेतल्यावर चूळ भरायची. अकराव्या मजल्यावरच्या बाल्कनीत सकाळी गार वारा असतो, मफलरशिवाय जायचं नाही. सोसायटीत फेऱ्या मारताना दम लागला तर बाकावर बसा, कोणी हसत नाही. आई, गुडघ्याचा पट्टा कपाटात ठेवण्यासाठी आणलेला नाही. आणि पुण्याच्या भाजीवाल्याकडे सांबार मागून भांडत जाऊ नकोस, कोथिंबीर म्हण. माझ्या खाण्याची काळजी करू नकोस. काल गोळाभात केला होता, गोळे फुटले, पण पोट भरलं. सध्या विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे बर्डीकडे जायची सोय नाही, त्यामुळे बाहेरचं खाणंही बंद आहे.

फेब्रुवारीत या. तिकीट मी काढते, दोन्ही खालचे बर्थ. होळीपर्यंत राहा, ऊन तापायच्या आत मी स्वतः पोहोचवून देईन. बैल शोकेसमध्येच आहे.

तुमची,
धाकटी

ता. क. बाबा, जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत तुमच्या शाई ओढायच्या, लाकडी मुठीच्या स्क्विजी आहेत ना? कुलूप मी तोडलेलं नाही. किल्ली कुठे आहे, तेवढं आईकडून कळवा.