गोड बोलणाऱ्यापेक्षा नीट पाहणारा कोच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावर अमेरिकेतील कॉलेज फुटबॉलविषयी (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) अधूनमधून मजकूर येतो. त्यात एक समज वारंवार डोकावतो: खेळाडूंची भरती, म्हणजे तिथल्या भाषेत रिक्रूटिंग, हा आधी गोड बोलण्याचा खेळ होता आणि आता नुसता पैशाचा झाला आहे. आई-वडिलांसमोर छान बोलणारा आणि भरल्या तिजोरीचा कोच जिंकतो, असे चित्र उभे राहते. ते अर्धवट आहे. चांगला रिक्रूटर घडतो तो बोलण्याच्या कितीतरी आधी, मुलगा पारखताना आणि त्याच्याबद्दल विचारपूस करताना.

आधी व्यवस्था समजून घ्यायला हवी. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये नव्या खेळाडूंचे वाटप ड्राफ्टने होते आणि त्यात तळाच्या संघाला पहिली निवड मिळते. कॉलेजांमध्ये असे वाटप नाही. प्रत्येक विद्यापीठाला प्रत्येक मुलाचे मन स्वतः वळवावे लागते, आणि तो मुलगा सोळा-सतरा वर्षांचा असतो. हायस्कूल संपून तीन वर्षे झाल्याशिवाय एनएफएलची दारे उघडत नाहीत, त्यामुळे देशातला जवळपास प्रत्येक गुणी मुलगा या बाजारातून जातो. मुख्य कोच आणि त्याचे दहा सहायक यांनाच विद्यापीठाबाहेर जाऊन भरतीचे काम करता येते. प्रत्येक सहायकाकडे दोन जबाबदाऱ्या असतात: एक भूभाग, समजा ह्यूस्टन किंवा दक्षिण फ्लोरिडा, आणि एक पोझिशन. नियमांचे कॅलेंडरही काटेकोर आहे. काही आठवडे प्रत्यक्ष भेटण्याचे, काही फक्त पाहण्याचे, काही मुलगा कॅम्पसवर आला तरच भेटण्याचे आणि काही पूर्ण बंदीचे. वेळ इतका मोजका असल्यामुळे तो कोणावर खर्च करायचा हे ठरवण्यातच निम्मे कौशल्य जाते.

पारख म्हणजे आजचा खेळ पाहणे नव्हे. चार वर्षांनंतरचे शरीर आज ओळखावे लागते. ऑफेन्सिव्ह टॅकलचे, म्हणजे आक्रमक फळीच्या टोकाला उभे राहून बचावपटूंना अडवणाऱ्याचे उदाहरण घ्या. शाळेत ३२० पौंडांचा मुलगा समोरच्यांना नुसत्या वजनाने लोटतो आणि फिल्मवर भारी दिसतो. जाणता कोच त्याच्याऐवजी सहा फूट पाच इंचांचा, २४५ पौंडांचा, रुंद खांद्यांचा आणि लांब हातांचा मुलगा निवडतो. त्या सांगाड्यावर दोन-तीन वर्षांत ५०-६० पौंड चढवता येतात. हात लांब करता येत नाहीत, आणि बाहेरून वेगाने येणाऱ्या बचावपटूला थोपवायला टॅकलचे हात ३३-३४ इंच असले तर फार फरक पडतो. म्हणून कोच मनगटे आणि घोटे पाहतो, वडील आणि थोरला भाऊ केवढे आहेत ते पाहतो. आणि हिवाळ्यात त्या मुलाचा बास्केटबॉलचा सामना पाहायला जातो, कारण जड मुलाची पावले बाजूला किती चपळ सरकतात हे बास्केटबॉलच्या मैदानावर लपत नाही. बचावफळीतल्या दांडग्या मुलांसाठी कुस्ती आणि गोळाफेक पाहतात. एकाला तोल आणि कमरेचा जोर लागतो, दुसऱ्याला झटक्यात ताकद सोडणे.

आकड्यांवर विश्वास ठेवताना सावध राहावे लागते. शाळेच्या यादीत उंची एक-दोन इंच वाढवून लिहिलेली असते. चाळीस यार्डांची धाव हाताने घड्याळ दाबून मोजली की वेळ इलेक्ट्रॉनिक मोजणीपेक्षा साधारण दोन दशांश सेकंदांनी कमी भरते, आणि या खेळात तेवढ्या फरकाने मुलगा एका पायरीवरून दुसरीवर जातो. म्हणूनच अॅथलेटिक्सच्या अधिकृत स्पर्धेतली १०० किंवा २०० मीटरची वेळ जास्त भरवशाची. जूनमध्ये विद्यापीठे कॅम्प घेतात, त्यांचे खरे मोल इथेच आहे. कोच स्वतः टेप लावून उंची आणि हात मोजतो, आपल्या डोळ्यांनी धावताना पाहतो. आणखी एक गोष्ट तो तिथे पाहतो: दुरुस्ती सांगितली तर मुलगा पुढच्याच प्रयत्नात ती करून दाखवतो का. हे कोणत्याही फिल्ममध्ये दिसत नाही.

फिल्मचेही तसेच. मुले हडल या व्हिडिओ संकेतस्थळावर तीन-चार मिनिटांची झगमगीत क्लिप टाकतात. त्यात प्रत्येक पास पोहोचतो आणि प्रत्येक टॅकल, म्हणजे समोरच्याला पाडणे, लागतो. चांगला कोच ती फक्त नाव नोंदवण्यापुरती पाहतो आणि मग शाळेकडून पूर्ण सामने मागवतो, शक्यतो हरलेले. क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा खेळाडू, दोन टचडाउननी मागे असताना, थर्ड डाउनला (चारांपैकी तिसऱ्या प्रयत्नात), अंगावर माणूस येत असताना चेंडू कुठे टाकतो? पास झेलणाऱ्या रिसीव्हरकडे पास येणार नाही हे ठाऊक असताना तो ब्लॉक करतो का? डाव दुसऱ्या बाजूला गेल्यावर बचावपटू धावतो की उभा राहतो? या प्रश्नांची उत्तरे क्लिपमधून कापलेली असतात.

भरतीच्या संकेतस्थळांवर मुलांना पाच ताऱ्यांपर्यंत जे तारांकन मिळते, त्याला आम्ही निरर्थक म्हणणार नाही. गेल्या बऱ्याच वर्षांत राष्ट्रीय विजेत्या संघांची निम्म्याहून अधिक भरती चार आणि पाच ताऱ्यांच्या मुलांची असे. मुख्य कोच निक सेबन यांच्या काळात अलाबामा विद्यापीठाने सहा विजेतेपदे अशाच भरतीच्या बळावर मिळवली. पण तारे देणाऱ्यांना सगळीकडे पोहोचता येत नाही, आणि तिथेच पारखी कोचची कमाई असते. कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ या शेतीच्या गावातल्या जॉश अॅलनला हायस्कूलनंतर वरच्या एफबीएस स्तरातल्या एकाही विद्यापीठाने बोलावले नाही. तो रीडली या ज्युनियर कॉलेजात, म्हणजे तिथल्या हायस्कूलनंतरच्या दोन वर्षांच्या कॉलेजात, खेळला, तिथून वायोमिंगने त्याला घेतले. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तो सातवा निवडला गेला आणि २०२४ च्या हंगामात एनएफएलचा एमव्हीपी, म्हणजे सर्वांत मोलाचा खेळाडू, ठरला. बचावपटू खलील मॅकला त्या स्तरावर बफलो विद्यापीठाने घेतले. २०१४ मध्ये तो ड्राफ्टमधली पाचवी निवड होता. जे. जे. वॅट सेंट्रल मिशिगनला टाइट एंड, म्हणजे ब्लॉक करणारा आणि पासही झेलणारा आक्रमक खेळाडू, म्हणून गेला आणि मग विस्कॉन्सिनमध्ये स्कॉलरशिपशिवाय, वॉक-ऑन म्हणून, बचावफळीत उभा राहिला. तिघांच्या बाबतीत इतर कोचांचे चुकले ते एकाच ठिकाणी: त्यांनी तेव्हाचे शरीर, तेव्हाचे गाव किंवा तेव्हाची पोझिशन पाहिली.

शैक्षणिक पात्रतेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते, आणि त्यातून होणारे नुकसान भरून निघत नाही. डिव्हिजन वन या कॉलेज क्रीडेतल्या सर्वोच्च गटासाठी हायस्कूलमध्ये १६ मुख्य विषय पूर्ण आणि त्यात चारपैकी किमान २.३ ग्रेड सरासरी लागते. त्या सोळांपैकी दहा विषय सातव्या सत्राआधी, म्हणजे शेवटचे वर्ष सुरू होण्यापूर्वी, संपलेले हवेत, आणि त्या दहांत सात इंग्रजी, गणित किंवा विज्ञानाचे हवेत. या दहांचे गुण नंतर विषय पुन्हा घेऊन वाढवता येत नाहीत. त्यामुळे शेवटच्या वर्षी मार्कशीट मागणारा कोच उशीर करतो. चांगला कोच मुलगा दहावीत असतानाच शाळेच्या कौन्सेलरकडे बसतो आणि कुठला विषय राहतोय हे घरच्यांना सांगतो. पुढे तो मुलगा दुसऱ्याच विद्यापीठात गेला, तरी त्या शाळेत या कोचचे नाव राहते.

विचारपूस कोणाकडे करायची हेही शिकण्यासारखे आहे. शाळेचा कोच आपल्या मुलाचे चांगलेच सांगणार. म्हणून मुरलेले रिक्रूटर सफाई कर्मचाऱ्याला, कँटीनमधल्या बाईंना, हजेरी घेणाऱ्या कारकुनाला आणि प्रतिस्पर्धी शाळेच्या कोचला विचारतात. मुलगा वेळेवर येतो का, आपल्या काही उपयोगाच्या नसलेल्या माणसांशी कसा वागतो, हे तिथे कळते. आणि ज्या शाळेत यंदा एकही मुलगा घेण्याजोगा नाही तिथेही ते जातात. खेळाडू असतील तेव्हाच दिसणाऱ्या कोचला शाळा बरोबर ओळखतात.

आता बोलण्याकडे येऊ. इथे पहिला प्रश्न असा की निर्णय कोण घेणार. कधी आई, कधी आजी, कधी मामा, कधी उन्हाळ्यातल्या सेव्हन-ऑन-सेव्हन (सात-सात जणांच्या) संघाचा कोच. पुष्कळ सहायक वर्षभर मुलाला रोज मेसेज करत राहतात आणि डिसेंबरमध्ये कळते की आजीला मुलगा दोन तासांच्या अंतरापलीकडे नको होता. तो प्रश्न पहिल्या महिन्यात विचारायचा असतो. दुसरे, सगळे नाते एकाच सहायकाशी बांधायचे नसते. सहायकांच्या नोकऱ्या दर हिवाळ्यात बदलतात. तो गेला की मुलगाही जातो. मुख्य कोच, पोझिशन कोच, त्या भागाचा सहायक आणि व्यायामशाळेचा प्रमुख अशा तीन-चार माणसांना मुलगा नावाने ओळखत असेल तर भरती टिकते.

ऑफरबाबतचा, म्हणजे स्कॉलरशिपसह जागा देण्याच्या प्रस्तावाबाबतचा, सच्चेपणा आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. लेखी ऑफर हायस्कूलच्या शेवटच्या वर्षाच्या १ ऑगस्टआधी देता येत नाही. त्याआधीचे सगळे तोंडी, आणि ते कोणालाच बांधून ठेवत नाही. काही कोच शेकडो मुलांना ‘तुला ऑफर आहे’ म्हणून सांगतात. मुलगा आनंदाने ‘मी येतो’ म्हणाला की उत्तर मिळते, ‘थोडं थांब.’ बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. त्या मुलाने तोवर इतरांना नकार कळवलेला असतो, त्याची जागा तिथे भरलेली असते. हे एका मुलापुरते राहत नाही. त्याच्या शाळेचा कोच पुढची कित्येक वर्षे त्या विद्यापीठाला दार उघडत नाही. उलट, ‘आमच्या यादीत तू तिसरा गार्ड आहेस, दोनच घेणार आहोत, सप्टेंबरपर्यंत सांगतो’ असे तोंडावर सांगणारा कोच आज हा मुलगा गमावतो, पण त्या गावात त्याचा शब्द चालतो. हे स्पष्ट बोलायला आधी स्वतःचा हिशेब स्पष्ट लागतो: कोणत्या पोझिशनवर कोणत्या वर्षाची किती मुले आहेत, किती बाहेर पडणार, किती हवीत. क्वार्टरबॅक बहुधा वर्षाला एक पुरतो, लाइनमन चार-पाच लागतात, कारण त्यांतले सगळे वाढत नाहीत.

मुलाची विद्यापीठाला अधिकृत भेट दोन रात्रींची असते आणि ती बहुधा रोषणाई, जर्सी घालून फोटो आणि मेजवानी यांत संपवली जाते. मुलाला ते आवडते. पण गाडीतून परतताना आई विचारते: दुखापत झाली तर डॉक्टर कोण पाहणार, अभ्यासात मागे पडला तर कोण सांगणार, खेळायला मिळाले नाही तर स्कॉलरशिपचे काय? त्या दोन दिवसांत याची उत्तरे मिळाली नसतील तर फोटो कामाला येत नाहीत. यजमान म्हणून कोणता खेळाडू सोबत द्यायचा यावरही बरेच अवलंबून असते. त्याच पोझिशनचा, शक्य असल्यास त्याच भागातला आणि सध्या बाकावर बसलेलाही चालेल, जर तो तक्रारीविना टिकला असेल तर. त्याचे बोलणे कोचपेक्षा जास्त पटते.

राहिला पैसा. १ जुलै २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नाव-प्रतिमेतून कमावता येते. न्यायालयाने मान्य केलेल्या समझोत्यानुसार १ जुलै २०२५ पासून विद्यापीठे खेळाडूंना थेट वाटा देऊ शकतात. पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठासाठी सर्व खेळ मिळून मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर होती. पूर्वीची ८५ स्कॉलरशिपची मर्यादा गेली आणि त्याजागी १०५ खेळाडूंची आली. त्यात २०१८ पासूनचे ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी. या सगळ्याने पारखीचे महत्त्व कमी झाले असे म्हणणे चुकीचे आहे. पैशालाही मर्यादा आहे आणि जागांनाही. चुकीच्या मुलावर ओतलेली रक्कम दुसऱ्या तिघांच्या वाट्याची असते. पोर्टलमध्ये तर निर्णय दिवसांत घ्यावा लागतो. तेव्हा ज्याच्याकडे तीन वर्षांपूर्वीच्या हायस्कूलच्या नोंदी आहेत, ज्याने नकार मिळाल्यावरही त्या कुटुंबाशी नीट निरोप घेतला होता, त्याचाच फोन आधी उचलला जातो.

इंडियाना विद्यापीठाचे मुख्य कोच कर्ट सिग्नेटी हे याचे ठळक उदाहरण. ते अलाबामात सेबन यांच्याकडे भरतीचे समन्वयक होते. २०२३ मध्ये ३-९ (३ विजय, ९ पराभव) असलेला संघ त्यांनी २०२४ मध्ये ११-२ वर आणला, आधीच्या जेम्स मॅडिसन विद्यापीठातले खेळाडू सोबत आणून. अंगात काय असू शकेल यापेक्षा मैदानावर आजवर काय केले, हे त्यांनी मोजले. २०२५ च्या हंगामात इंडियानाने एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद घेतले, आणि तेही चार-पाच ताऱ्यांच्या मुलांचे बहुमत नसताना.

एक विनंती आहे. डिसेंबरच्या पहिल्या बुधवारी करारांवर सह्या होतात आणि कोणत्या विद्यापीठाची भरती कितव्या क्रमांकाची याच्या बातम्या येतात. आपण त्या छापाल तेव्हा शेजारी त्याच विद्यापीठांची चार वर्षांपूर्वीची यादी द्यावी: किती मुले अजून संघात आहेत, किती सुरुवातीच्या अकरांत खेळतात, किती पदवी घेऊन गेली, किती पोर्टलमधून निघून गेली. ही माहिती विद्यापीठांच्या संकेतस्थळांवरच्या जुन्या-नव्या संघयाद्या ताडून मिळते, एका संघाला दोन-तीन तास लागतात.

आपले,
कॉलेज फुटबॉलचे काही वाचक