बुंध्याशी आलेली अळंबी

प्रिय मित्रा,

तब्येत ठीक. साखर आटोक्यात आहे, गुडघा पूर्वीसारखाच कुरकुरतो. तुझ्या बदलीचं कळलं, बरं झालं. हे सगळं फोनवरही झालं असतं. पण आजचा विषय फोनवर काढला तर तू मधेच "काढून टाक" म्हणशील आणि मी रागाने फोन ठेवीन. म्हणून पत्र.

आमच्या रेन ट्रीच्या बुंध्याशी अळंबी आली आहे.

पावसाळ्यात पाचोळ्यावर उगवते ती छत्री नव्हे. सालीला घट्ट धरून बसलेली, अर्धगोल फळीसारखी, वरून तपकिरी, कडेला पांढरी किनार. लाकडासारखी टणक. खालचा भाग पांढरट, आणि त्यावर नखाने रेघ मारली की ती तिथल्या तिथे तपकिरी होते. गॅनोडर्मा, लाकूड कुजवणारी बुरशी. तू दहा पावलांवरून ओळखली असतीस. वर पाहावं तर झाड हिरवंगार! संध्याकाळी पानं मिटतात, सकाळी उघडतात, अंगणभर सावली पडते. शेजारी विचारतात, "इतक्या चांगल्या झाडाला काय झालंय?" त्यांना कसं समजावू? पाणी वर चढतं ते बाहेरच्या ताज्या लाकडातून. ते शाबूत असेपर्यंत पानांना काही कमी पडत नाही. झाडाला उभं धरून ठेवणाऱ्या जाड मुळांचं लाकूड मात्र खाली कुजत असतं.

कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. आम्ही या घरात येण्यापूर्वी कुणीतरी पाइप टाकायला खोडाच्या अगदी जवळून चर खणला होता. झाडाची बहुतेक मुळं वरच्या अर्ध्या-पाऊण मीटर मातीतच असतात आणि फांद्यांच्या पसाऱ्याच्याही बाहेर जातात, हे खणणाऱ्याला कुणी सांगितलं नसणार. अळंबी नेमकी त्या चराच्या अंगाला आहे. आणि चर आहे वाऱ्याकडच्या बाजूला.

इथे मला तू हवा आहेस. बेटावर वर्षातले कितीतरी महिने व्यापारी वारे एकाच दिशेने वाहतात. झाड त्याच वाऱ्याशी झुंजत मोठं होतं, त्याप्रमाणे मुळं जाड करतं. वाऱ्याकडची मुळं दोरासारखी ताणलेली राहून झाडाला मागे खेचतात. तीच तुटली. पसारा झुकलाय वाऱ्याच्या पुढे, म्हणजे घरावर. चक्रीवादळ तर आणखी वाईट. डोळा डोक्यावरून गेला की वारा उलट दिशेने येतो, म्हणजे झाडाने जन्मभर ज्या बाजूची तयारीच केली नाही त्या बाजूने. शिवाय तोवर मातीचा चिखल झालेला असतो आणि मुळांची पकड सुटलेली.

मध्यंतरी एकजण करवत घेऊन आला. म्हणाला, "शेंडा उडवतो, निम्मं करतो, मग वादळाची चिंता नाही." मी त्याला फाटकातूनच परत पाठवलं. अरे, मुंडन केलेल्या झाडाला सालीखालच्या डोळ्यांतून जोमाने फूट येते, दोन-चार वर्षांत पुन्हा तेवढीच उंची होते. पण त्या नव्या फांद्या आतल्या लाकडात रुजलेल्या नसतात, नुसत्या वरवर चिकटलेल्या. त्यात वरच्या जाड जखमांतून कूज आत उतरते. म्हणजे काही वर्षांनी आधीपेक्षा जास्त धोका, आणि तो आपणच पैसे देऊन तयार केलेला. दुसऱ्या एकाने "आतून विरळ करतो" म्हणून आतल्या सगळ्या बारीक फांद्या काढायचं सुचवलं. तेही नको. आतलं काढलं की उरलेली पानं फांदीच्या टोकाला गोळा होतात आणि सगळं वजन टोकावर जातं.

शेजारच्या माडांचं तर विचारूच नकोस. वादळाआधी हिरव्या झावळ्यासुद्धा छाटून वर फक्त एक झुबका ठेवतात. माडाला कोंब एकच. जुन्या झावळ्यांतलं पालाश (पोटॅशियम) तो नव्या पानांना पुरवतो, आणि आपण तेच काढून घेतो. सुकलेल्या झावळ्या आणि घरावरचे नारळ उतरवले की पुरे. मी सांगायला गेलो तर काकूंनी माझ्या हातात दोन शहाळी दिली आणि विषय संपवला.

शेवटी खरा जाणकार मिळाला. वयस्कर बाई, बोलणं मोजकं. आधी लाकडी हातोडीने बुंधा ठोकत फिरली. तीन बाजूंना आवाज भरीव, चराच्या बाजूला ढब ढब. मग बारीक सुईसारखं यंत्र लाकडात घालून कुठे किती अडथळा लागतो त्याचा आलेख काढला. उरलेली निरोगी भिंत त्रिज्येच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त आहे. साधारण त्याहून पातळ झाली की खोड मोडण्याचा धोका वाढतो, हे प्रमाण सर वर्गात सांगायचे ते तुला आठवतंच. पण तिने लगेच बजावलं, की हा खोडाचा हिशेब झाला, मुळांचा नाही. मुळांजवळची माती हवेच्या झोताने उडवून ती उघडी करायची आणि बघायचं. ते पुढच्या आठवड्यात.

आता होस्टेलमागच्या आंब्याकडे येतो. माहीत होतं ना, येणार म्हणून? तू काढा म्हणालास, मी नको म्हणालो, सगळ्यांनी तुझं ऐकलं. कापल्यावर बुंध्यात पोकळी निघाली, पण भोवतीची भिंत हातभर जाड होती. मी ओरडलो, "बघ, उभा राहिला असता!" तू म्हणालास, "खाली पोरं बसतात." आपण महिनाभर बोललो नाही. मेसमध्ये तू माझ्या पानातला पापड पळवलास तेव्हा अबोला सुटला. वादाचा निकाल मात्र लागलाच नाही.

आता खाली आई झोपते. सगळ्यात लांब फांदी बरोबर तिच्या खोलीवर आहे. पलंग मागच्या खोलीत हलवू म्हटलं, तर म्हणाली, "तिथे पंख्याचा आवाज येतो. आणि झाड माझ्यावर कशाला पडेल? मी त्याला पाणी घालते." खरंच घालते. कोरड्या महिन्यांत बुंध्यापासून दूर, पसाऱ्याच्या कडेला, आठवड्यातून एकदाच पण खोलवर. पाचोळा जाळू देत नाही. मुळांवर वीतभराहून कमी थर पसरते आणि खोडाला टेकू देत नाही. हे तिला कुणी शिकवलं नाही. वादळानंतर खारट वाऱ्याने पानं करपली तेव्हा गोड पाण्याने धुवायचंही तिनेच सुचवलं.

बाईंचा सल्ला असा: मुळं बरी निघाली तर घरावरची फांदी आखूड करायची. मधेच तोडायची नाही. जाडीने निदान तिच्या एक तृतीयांश असलेल्या उपफांदीपर्यंत मागे आणायची. एकूण पानांचा चौथा हिस्साही काढायचा नाही. जिथे आख्खी फांदी काढावी लागेल तिथे आधी खालून खाच, मग थोडं पुढे वरून काप, म्हणजे साल सोलत नाही. आणि शेवटचा काप खोडाजवळच्या फुगीर कड्याच्या बाहेर, तो कडा न दुखावता. जखमेवर काही लावायचं नाही. (जखमांना फासायच्या मोरचूद-चुन्याच्या लेपाची, तुझ्या बोर्डो पेस्टची, बादली आठवली. अमेरिकन वृक्षशास्त्रज्ञ अॅलेक्स शिगोने हजारो झाडं चिरून दाखवलं, की झाड जखम भरून काढत नाही, कुजलेला भाग चारी बाजूंनी कोंडून टाकतं आणि बाहेर नवं लाकूड घालतं. यात तरी मी बरोबर होतो, कबूल कर.)

आणि मुळं गेलेली निघाली तर काढायचं. हे तिने शांतपणे सांगितलं आणि मला पुढचं काही ऐकू आलं नाही.

हवाईतल्या माउई बेटावरच्या लाहायना गावाचा वड तुला माहीत आहे. भारतातून नेलेलं रोप, 1873 मध्ये लावलेलं. ऑगस्ट 2023 च्या आगीत गाव बेचिराख झालं, वड होरपळला. लोकांनी टँकरने पाणी घातलं, दबलेली माती मोकळी केली, कंपोस्ट दिलं, आणि सप्टेंबरात पालवी फुटली. मेलेले भाग पुढे काढावे लागले, पण वड जगला. मी ती बातमी पुन्हा पुन्हा वाचतो. पण त्याला आधाराला पारंब्यांची खोडं होती आणि त्याखाली कुणाची आई झोपत नव्हती, हेही मला कळतं.

म्हणून तुलाच विचारतोय. आंब्याच्या वेळी तू खाली बसणाऱ्या पोरांकडे पाहिलंस, मी झाडाकडे. आता मला दोन्हीकडे पाहावं लागतंय, आणि ज्याने आयुष्यात एकदा "काढा" म्हणून ते निभावलंय असा तूच एक माझ्या ओळखीचा आहेस. आलेख आणि मुळांचे फोटो पाठवीन. फोटो बघून मग लिही, आधी नको. कितीपर्यंत मुळं गेली असती तर तू थांबला असतास आणि कुठे थांबला नसतास, ते सरळ लिही. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझं नवं ऑफिस घरापासून लांब आहे का? धाकटीची परीक्षा कशी गेली? वहिनींची पाठ? सविस्तर नंतर विचारतो.

आईचा पलंग आजपासून मागच्या खोलीत आहे. पंखा बदलून दिला.

तुझा,
मी

ता. क. त्या आंब्याच्या बुंध्याचा काप तू घेऊन गेला होतास ना? असेल तर भिंतीची जाडी मोजून कळव.