तिसऱ्या आठवड्यात ये

प्रिय मित्रा,

केमोला हॉस्पिटलात नक्की काय करतात आणि भेटायला कधी येऊ, असं सरळ विचारलंस ते फार बरं केलंस. बाकीचे 'काळजी घे' म्हणून मोकळे होतात. मग ऐक.

मला आहे तो नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर. त्यावर 'चॉप' नावाची चार औषधांची जुनी, मुरलेली योजना देतात, जोडीला रिटुक्सिमॅब हे पाचवं औषध. दर 21 दिवसांनी एक सायकल, म्हणजे औषधांची एक फेरी. सकाळी रक्त तपासतात, पेशींचे काउंट बरे असले तर खुर्ची मिळते, नाहीतर घरी परत. रिटुक्सिमॅब पहिल्यांदा अगदी हळूहळू सोडतात, कारण त्याने अंगाला थंडी भरू शकते. मला भरलीच. दात वाजत होते आणि शेजारच्या खुर्चीतले आजोबा 'होतं असं, होतं असं' म्हणत शांतपणे पेपर वाचत होते.

चौकडीतलं लक्षात राहतं ते डॉक्सोरुबिसिन. लालभडक. ते सिस्टर स्वतः बसून सिरिंजने हळूहळू देतात, कारण शिरेबाहेर गेलं तर आतलं मांस जळतं. दर थोड्या वेळाने थांबून, शिरेत रक्त येतंय ना ते पाहून विचारतात, 'आग होतेय का?' मी हातावरून नजर हटवत नाही. नंतर लघवीही लालसर होते. आधी सांगून ठेवलेलं होतं, तरी पहिल्यांदा पोटात गोळा आलाच.

चौकडीतलं व्हिन्क्रिस्टिन मिळतं सदाफुलीपासून. कुणी न विचारता कुठेही उगवणारी ती फुलं! त्याचा प्रसाद म्हणजे बद्धकोष्ठता आणि बोटांना मुंग्या. शर्टाची बटणं लावायला एवढा वेळ लागतो की ही शेवटी येऊन लावून देते, आणि तेव्हा आम्ही दोघं काही बोलत नाही. सायक्लोफॉस्फामाइड पहिल्या महायुद्धातल्या मस्टर्ड वायूच्या घराण्यातलं. त्याच घराण्यातलं औषध 1942 साली अमेरिकेत पहिल्यांदा शिरेतून दिलं, तेही लिम्फोमाच्याच रुग्णाला. त्या माणसाची मला अधूनमधून आठवण येते. त्याला विचारायला आधीचं कुणीच नव्हतं.

आता वेळापत्रक. पहिले पाच दिवस प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडच्या गोळ्या. त्या दिवसांत मी अफाट खातो, रात्री जागा राहून कपाटं आवरतो आणि सगळ्यांवर खेकसतो. गोळ्या संपल्या की अंगातलं सगळं बळ निघून जातं. पाण्याची चव लोखंडासारखी लागते, तोंड येतं. मळमळ मात्र ऐकली होती तेवढी नाही, आता त्यावरची औषधं चांगली आहेत. सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी तळाला असतात. तेव्हा 100.4 च्या वर ताप गेला तर रात्र असो, पहाट असो, लगेच हॉस्पिटल. आपली आपण क्रोसिन घेऊन झोपायचं नाही, कारण ताप दबतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. ही थर्मामीटर उशाशी ठेवून झोपते.

केस गेले. त्याचं एवढं काही नाही, आपल्याकडे होतेच किती! नाकातले केस गेल्यावर मात्र नाक सतत गळतं, हे कुणी सांगत नाही.

तिसऱ्या आठवड्यात मी बराचसा मी असतो. तेव्हाच ये. एक मात्र सांगतो. माझा आजार कळल्यापासून तू स्वतःचं रडगाणं गाणं बंद केलं आहेस. फोनवर विचारलं की 'आमचं काय, चाललंय' म्हणून विषय बदलतोस. तुझी गुडघेदुखी माझ्या कॅन्सरपुढे क्षुल्लक वाटते म्हणून लपवतोस, कळतं मला. पण त्यामुळे मी फक्त पेशंट उरतो रे! तुझ्या साहेबाने काय केलं, मुलाशी पुन्हा का भांडलास, सगळं सविस्तर सांग. मला कुणाला तरी सल्ला द्यायचाय. दिवसभर मीच सगळ्यांचे घेतोय. 'धीर धर' वगैरे तू म्हणू नकोस, तुला ते नीट जमतही नाही.

सर्दी-खोकला असेल तर फोन कर आणि घरीच थांब, मी रागावणार नाही. ठणठणीत असून आला नाहीस तर मात्र बघ.

तुझाच,
मी