ग्रिल घेताना पत्रा आणि हवा बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

डिसेंबर लागला की मराठवाड्यात शेताशेतांत हुरड्याच्या आगट्या पेटतात, आणि अलीकडे आगटीशेजारी बार्बेक्यूची ग्रिलही मांडलेली दिसते. संभाजीनगर, लातूर, नांदेडच्या गच्च्यांवरही ती पोहोचली आहे. ही हौस चांगलीच आहे. पण बहुतेक घरांत खरेदीचा क्रम ठरल्यासारखा होतो. आधी ऑनलाइन मागवलेली घडीची ग्रिल येते. दोन पावसाळ्यांत ती सडली की फॅब्रिकेशनवाल्याकडून कापून घेतलेला अर्धा ड्रम, त्यानंतर झाकणाची गोल ग्रिल, आणि हौस टिकलीच तर धूर देऊन सावकाश शिजवणारा स्मोकर. पैसे दर वेळी जातात. त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या पत्र्याची किंवा चुकीच्या ड्रमची वस्तू अंगाला बाधते. घेतानाच पत्र्याची जात, त्याची जाडी आणि हवा कुठून येते-जाते एवढे पाहिले, तर चारऐवजी दोन वस्तूंत सगळे भागते.

घडीच्या ग्रिलचा पत्रा जेमतेम अर्धा ते पाऊण मिलिमीटरचा असतो. निखाऱ्याखाली तो तापून वाकतो. तळ वाकला की जाळी आणि निखारा यांतले अंतर जागोजागी बदलते, म्हणून एका टोकाचे पनीर करपते आणि दुसऱ्या टोकाचे पांढरेच राहते. यात कोळसा थेट तळावर पसरायचा असतो, राखेला जागाच नसते. अर्ध्या तासात राख साचून खालची हवा बंद होते. मग पुठ्ठ्याने वारा घातला जातो आणि ती राख उडून मांसावर बसते. दोष भाजणाऱ्याचा नसून बांधणीचा आहे.

त्यापेक्षा कबाबवाल्यांची लांबट शेगडी शतपटीने चांगली. ती कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात होते. माप सांगतो: लांबी ७५ सेंमी, आतली रुंदी १५ सेंमी, खोली १८ सेंमी. पत्रा काळा, म्हणजे मुलामा नसलेल्या साध्या लोखंडाचा, एक सूत म्हणजे साधारण ३ मिमी. तेवढा परवडत नसेल तर २ मिमी, त्याखाली नको. तळापासून ४ सेंमीवर १० मिमी सळयांची जाळी बसवावी. कोळसा तिच्यावर राहतो आणि राख खाली पडते. दोन्ही बाजूंना या जाळीच्या थोडे खाली दर १० सेंमीवर १२ मिमीचे एकेक छिद्र पाडावे. निखारा आणि शीग यांत ७ ते १० सेंमी अंतर हवे. खिम्याला ८ ते १० मिमीची चौकोनी शीग लागते. गोल शिगेवर खिमा फिरतो आणि गळून निखाऱ्यात पडतो. टिक्क्याला ४-५ मिमीची बारीक शीग पुरते. जाळीवर भाजायचे असेल तर तळहात जाळीच्या उंचीवर धरून पाहावा: दोन-तीन सेकंदांत हात काढावा लागला तर आच कडक, चार-पाच सेकंद सोसली तर मध्यम. वांगी, कणसे कडक आचेवर. चिकनचे जाड तुकडे मध्यम.

आता जीआय पत्र्याविषयी, कारण सर्वांत मोठी चूक इथेच होते. जीआय म्हणजे गॅल्वनाइज्ड पत्र्यावर जस्ताचा थर असतो. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सियसला वितळते आणि ९०७ अंशांना उकळते. वारा घातलेला लाकडी कोळसा या दुसऱ्या आकड्याच्याही वर जाऊ शकतो. जस्ताचा धूर श्वासात गेला तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग ठणकते, तोंडाला धातूची चव येते. वेल्डिंग करणाऱ्या कामगारांना हा त्रास चांगला ठाऊक असतो. शिवाय दही-लिंबू लावलेले मांस जस्ताच्या जाळीवर ठेवले तर आंबटपणामुळे जस्त अन्नात उतरते. चकचकीत पत्रा, त्यावर करड्या स्फटिकांसारखे चट्टे, ही जीआयची खूण. कूलरची जाळी, कोंबड्यांच्या खुराड्याची वेल्डमेश, पाण्याच्या टाकीचा पत्रा यांतले काहीही निखाऱ्यावर आणू नये. जुन्या फ्रिजमधली तारेची जाळी तर मुळीच नको, तिच्यावर कसला मुलामा आहे हे घरी कळायचा मार्ग नाही. जाळी ६ ते ८ मिमीच्या साध्या लोखंडी सळईची किंवा ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची घ्यावी. दुकानदार चुंबक लावून दाखवतो, पण तो पुरावा नव्हे. स्वस्त २०२ प्रतीलाही चुंबक चिकटत नाही, आणि २०२ लवकर गंजते. बिलावर ३०४ लिहून घ्यावे.

लोखंडी जाळी वापरण्याआधी तेल पाजावी लागते. त्यासाठी आपल्याकडचे करडईचे तेल उत्तम, कारण ते तापून वाळते आणि घट्ट थर धरते. फडक्याने अगदी पातळ हात द्यावा, जास्तीचे पुसून टाकावे, आणि २०० अंशांच्या आसपास तासभर तापवावे. असे तीनदा करावे. तेल जाड लावले तर थर चिकट राहतो आणि सोलून निघतो.

दुसरी वस्तू झाकणाची. झाकणाचे महत्त्व आपल्याकडच्या फेब्रुवारी-मार्चच्या वाऱ्यात कळते. उघड्या शेगडीत वारा थेट निखाऱ्यावर येतो, आच वरखाली होते. १९५२ मध्ये शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी नेमक्या याच अडचणीवर उपाय काढला. तिथे पाण्यावर तरंगणारे धातूचे बोये बनत. त्यांनी बोयाचे अर्धगोल घेऊन एकाचे भांडे आणि दुसऱ्याचे झाकण केले. आजची गोल ग्रिल त्यातून आली. तिचे मर्म दोन झडपांत आहे. खालची झडप आच ठरवते, वरची बहुतेक वेळ पूर्ण उघडी राहते. वरची बंद करून आच कमी करायला गेले की धूर आत कोंडतो आणि मांस कडवट होते. कोळसा एका बाजूला, कोंबडी दुसऱ्या बाजूला, झाकणाची झडप कोंबडीच्या डोक्यावर. सव्वा ते दीड किलोची अख्खी कोंबडी १८० अंशांना साधारण सव्वा तासात होते. थर्मामीटरची टोचणी मांडीच्या जाड भागात, हाडाला न लागता, ७४ अंश दाखवू लागली की काढावी. टोचणीचा थर्मामीटर ही या छंदातली सर्वांत उपयोगी वस्तू आहे. नव्या ग्रिलआधी तो घ्यावा.

धूर देऊन सावकाश शिजवायचे असेल, तर २०० लिटरच्या उभ्या ड्रमचा स्मोकर आपल्या हवेला आणि खिशाला सर्वांत जुळतो. मात्र ड्रम कुठला, हा प्रश्न आधी. औद्योगिक वसाहतींच्या भंगारात मिळणाऱ्या ड्रममध्ये सॉल्व्हंट, रेझिन, कीटकनाशक काहीही असू शकते. धुऊन किंवा जाळून तो खाण्यालायक होईल, असा भरवसा धरू नये. बंद तोंडाच्या ड्रमला गॅस कटर लावणे तर जिवावरचे आहे. आत उरलेली वाफ पेट घेते आणि ड्रम फुटतो. आंब्याचा पल्प पिशवीत भरून ज्यात येतो, तो पट्टा-झाकणाचा उघड्या तोंडाचा ड्रम शोधावा. आत लालसर-तपकिरी लेप असेल तर वस्तीपासून दूर, सुक्या लाकडाचा मोठा जाळ करून तो पूर्ण जाळावा, मग तारेच्या ब्रशने पांढरे लोखंड दिसेपर्यंत घासावा. लेप नसलेला मिळाला तर उत्तमच.

बांधणी अशी. तळापासून ५ सेंमीवर पाऊण इंची पाइपाची चार तोंडे. तिघांना टोपणे, चौथ्याला बॉल व्हॉल्व्ह. कोळशाची टोपली ३५ सेंमी व्यासाची, २० सेंमी उंच, पायांवर उभी. टोपलीच्या तळापासून ६० सेंमीवर अन्नाची जाळी. झाकणात १२ मिमीची आठ छिद्रे. टोपलीत चारेक किलो न पेटलेला कोळसा भरावा आणि मधोमध मूठ-दोन मूठ लाल निखारे ठेवावेत. थर्मामीटरचा काटा ९५ अंशांजवळ आला की एकेक टोपण लावायला घ्यावे. ११५ ला पोहोचेपर्यंत थांबलात तर तो १५० च्या पुढे जातो आणि खाली यायला तास लागतो. काटा पळाला की झाकण उघडून पाहण्याचा मोह होतो. तेच करू नये, कारण उघडताच निखाऱ्याला भरपूर हवा मिळते. बोकडाची फऱ्याची बाजू ११५-१२० अंशांना पाच-सहा तास घेते. आत ९० च्या वर गेली की हाड हाताने सुटते.

लाकडाच्या बाबतीत मराठवाडा श्रीमंत आहे, हे फारसे कुणी सांगत नाही. टेक्सासमध्ये ज्या मेस्कीटच्या लाकडावर भाजण्याची एवढी ख्याती आहे, ते झाड आपल्या पडीक रानांत आणि नाल्याकाठी माजलेल्या वेड्या बाभळीच्याच जातकुळीतले. तिचा निखारा कडक असतो, पण धूर उग्र. म्हणून ती आधी बाजूला जाळून तिचे निखारे वापरावेत. पाच तास तिच्याच धुरात मांस ठेवले तर जीभ बधिर होते. धुरासाठी जालन्याकडच्या मोसंबीचे, आंब्याचे किंवा पेरूचे लाकूड घ्यावे. मोसंबीच्या जुन्या बागा काढल्या जातात तेव्हा ते सरपणाच्या भावात मिळते. एक खबरदारी: खोडाला जमिनीपासून हात-दोन हात बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुना, लावलेला असतो. तो भाग वापरायचा नाही. वरच्या फांद्या घ्याव्यात, साल काढावी, आणि टोकांना चिरा पडेपर्यंत सावलीत वाळवाव्यात. मुठीएवढे दोन-तीन तुकडे एका खेपेला पुरतात. लाकूड पाण्यात भिजवू नये. आधी नुसती वाफ निघते, जाळ थंडावतो आणि पांढरा दाट धूर येतो. हाच धूर कडू. जेमतेम दिसणारा निळसर धूर हवा.

कडुनिंब आणि निलगिरी नको. कण्हेर विषारी आहे, तिची काडी शीग म्हणूनही वापरू नये. कारखान्यांच्या पॅलेटवर एमबी शिक्का असेल तर त्यावर मिथाइल ब्रोमाइडची प्रक्रिया झालेली असते. एचटी शिक्का उष्णतेच्या प्रक्रियेचा असतो, पण त्यावरही काय सांडले होते ते कळत नाही, म्हणून पॅलेट टाळावेच. दगडी कोळशात गंधक असते. बॉयलरसाठी बगॅस, सोयाबीनचे काड, पऱ्हाट्या दाबून केलेला ‘पांढरा कोळसा’ही अन्नाखाली घालायचा नसतो, तो बॉयलरच्याच कामाचा.

बाकीच्या प्रकारांवर थोडक्यात. जाड चिनीमातीचा कामाडो, म्हणजे अंड्याच्या आकाराची झाकणाची ग्रिल, दोन-तीन किलो कोळशात दहा-बारा तास आच धरतो, पण एकदा जास्त तापला की लवकर उतरत नाही. झाकण एकदम उघडले तर आत शिरलेल्या हवेने भडका तोंडावर येतो. आधी बोटभर उघडून थांबावे. बाजूला भट्टी असलेला आडवा स्मोकर किमान एक सूत, चांगला म्हणजे दोन सूत जाड पत्र्याचा असेल तरच घ्यावा. बाजारात मिळणारा दीड मिमीचा सांध्यासांध्यांतून गळतो आणि दर वीस मिनिटांनी लाकूड मागतो. लाकडाच्या गोळ्यांवर चालणारा पेलेट ग्रिल विजेवर चालतो. ज्या भागात दुपारी वीज जाते तिथे त्याचा पंखा आणि गोळ्या ढकलणारा स्क्रू बंद पडतो आणि विस्तव मागे गोळ्यांच्या पेटीकडे सरकू शकतो. पावसाळी दमटपणात गोळ्या फुगून स्क्रू अडतो ते वेगळेच. आपल्याकडे तो घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

कोळसा पेटवायला रॉकेल वापरू नये, वास अन्नात उतरतो. १८ सेंमी व्यासाचा, ३० सेंमी उंचीचा काळ्या पत्र्याचा नळा, तळाशी जाळी, कडेला छिद्रे. त्यात कोळसा भरून खाली दोन कागद पेटवले की पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशावर राख दिसते, मग ओतावा. चरबीचा भडका झाला तर पाणी टाकू नये, झाकण आणि झडपा बंद कराव्यात. आणि काम संपल्यावर धगधगती शेगडी उबेसाठी खोलीत किंवा बंद गॅलरीत कधीही नेऊ नये. परभणीच्या थंडीत हा मोह होतो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि राखेखालचा निखारा तासन्‌तास तो सोडत राहतो. झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

ग्रिल सडते ती बहुधा राखेमुळे. राख हवेतले पाणी ओढते आणि तळाशी ओला खार धरून ठेवते. मृगाआधी राख खरवडून काढावी, आतून करडईच्या तेलाचा हात द्यावा, आणि प्लास्टिकने घट्ट न गुंडाळता विटांवर, हवा लागेल अशी ठेवावी.

फॅब्रिकेशन व्यावसायिकांना आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे की विकायला ठेवलेल्या प्रत्येक शेगडी-ग्रिलवर तीन गोष्टी रंगाने लिहाव्यात: पत्रा काळा की जीआय, जाडी किती मिमी, आणि जाळी कोणत्या धातूची. ड्रमची वस्तू असेल तर त्यात आधी काय होते, हे चौथे. ज्या दुकानात हे सांगता येत नाही, तिथून गिऱ्हाइकाने वस्तू घेऊ नये.

आपला,
एक वाचक, जालना