ताणा लावण्यापासून शिकवा

संपादक महोदय,

फिलिपिन्सच्या लुझॉन बेटावरील कॉर्डिलेरा पर्वतराजीत राहणाऱ्या कालिंगा समाजातील (ओडिशाच्या प्राचीन कलिंगाशी याचा संबंध नाही) काही कुटुंबे अमेरिकेत स्थायिक झाली असून, तेथे जन्मलेल्या मुलांना पारंपरिक विणकाम शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत. हे प्रयत्न स्वागतार्हच आहेत. मात्र वेळ वाचावा म्हणून ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, आधीच लावून ठेवायचा आणि मुलांच्या हाती फक्त आडवा धागा द्यायचा, असा सोपा मार्ग या वर्गांनी पत्करू नये.

कालिंगा विणकामाच्या मागाला चौकट नसते. ताण्याचे एक टोक खांबाला आणि दुसरे विणणारीच्या कमरेमागून घेतलेल्या पट्ट्याला बांधलेले असते. ती मागे रेलली की धागे ताठ होतात, किंचित पुढे झुकली की सैलावतात आणि मग दोऱ्याच्या फासांतले धागे उचलून आडव्या धाग्याला वाट करून देता येते. नवखे मूल जरा एका बाजूला कलले, की कापडाची एक कड ढिली पडते. ही चूक शिक्षकाने दाखवून देण्याची गरज नसते. कापडावरच्या, लाल रंगाचे प्राबल्य असलेल्या उभ्या पट्ट्यांचा क्रम मात्र विणण्याआधी, धागे मोजून मांडतानाच ठरतो. हे काम कंटाळवाणे खरे, पण तेच वगळले तर मुलांनी शिकले काय?

कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, विणणारीच्या हाताच्या आवाक्याइतकाच असल्याने कालिंगा स्त्रियांचे नेसायचे वस्त्रही विणलेल्या पट्ट्या जोडूनच शिवतात. त्यामुळे मुलाने अरुंद पट्टीपासून सुरुवात करण्यात काही कमीपणा नाही. हातकताईच्या सुताचा आग्रहही अनाठायी आहे. खुद्द कालिंगा प्रांतातील विणकर बाजारचे सूत वापरतात.

याच प्रांतातील लुबुआगानचे नर्तक-वादक अलोन्झो साक्लाग यांना २००० साली फिलिपिन्सचा लोककलावंतांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. महत्त्वाच्या समारंभांत पारंपरिक पोशाख घालण्याची प्रथा प्रांतात रुजावी म्हणून त्यांनी पाठपुरावा केला आणि प्राथमिक शाळांनीही तिचे अनुकरण केले. कापड अंगावर येणार असेल तरच ते विणण्याला अर्थ राहतो. परदेशातील मंडळांनीही मुलांच्या पट्ट्या प्रदर्शनात टांगण्याऐवजी समारंभाच्या पोशाखात वापराव्यात, आणि हा माग गुंडाळून कुठेही नेता येत असल्याने तो वर्ग संपताच परत न घेता मुलांना घरी नेऊ द्यावा.

आपला,
एक वाचक