वायच थांब

वेंगुर्ला,
नारळी पौर्णिमेनंतरचा तिसरा दिवस

प्रिय मित्रा,

तरीचं गाणं, आपलं ते खाडीच्या होडीचं, झालं. परवा रात्री पावणेदोनला. फोनच करणार होतो, पण फोनवर तू "हां, हां" करत असतोस आणि मागे पुढच्या स्टेशनची घोषणा चालू असते. शिवाय ह्यात एक गोष्ट तुला सावकाश सांगायला हवी, कारण ती तुझ्या जागेबद्दल आहे.

गेल्याच्या गेल्या शिमग्यानंतर तू मुंबईला गेलास, म्हणजे दीड वर्ष होत आलं. तेव्हापासून आपल्या गाण्यांना बूडच नव्हतं. पेटीवाल्या दादाने कीबोर्डवर डाव्या हाताने बास वाजवून बघितला. सूर बरोबर, जागाही बरोबर, पण तू तार सोडताना जी हलकी खरखर व्हायची ती त्यात कुठून येणार? मी गिटारची जाड तार आणखी खाली उतरवून पाहिली, तर ती लोंबायलाच लागली. कुडाळचा एक मुलगाही दोनदा येऊन गेला. हात तयार आहे त्याचा, पण दिसली जागा की भरली, असं वाजवतो. तू थांबायचास. तू असताना ते माझ्या कधी लक्षातच आलं नाही. आता रोज कळतं.

तुला वाटत असेल, चौघांचे तिघे झाले तरी आठवड्यातून दोनदा तरी बसत असतील. इथलं वर्षच तसं नाही रे. कार्तिकात जत्रा लागल्या की आपला ड्रमवाला पखवाज घेऊन दशावताराच्या कंपनीबरोबर निघतो. रोज नवा गाव, मध्यरात्रीच्या सुमाराला खेळ उभा राहणार, उजाडताना संपणार, मग टेम्पोत पेटाऱ्याशेजारी झोपायचं. वैशाखापर्यंत त्याचं तोंड दिसत नाही. दादाची वायरिंगची कामं, त्यात सुट्ट्यांच्या आधी होमस्टेवाल्यांची घाई, आणि डबलबारीला, भजनाच्या सामन्याला, कोणी बोलावलं तर तो नाही म्हणत नाही. माझं तुला माहीतच आहे. मोहोर आला की फवारण्या, मार्चपासून काढणी, मग पेट्या भरणं. पाऊस पडला की तिघेही मोकळे होतो. पण पावसात कार्यक्रम कोण ठेवणार? म्हणजे माणसं असतात तेव्हा स्टेज नाही, स्टेज असतं तेव्हा माणसं नाहीत.

वाद्यांनाही पाऊस सोसत नाही. नव्या तारा चढवल्या की दोन आठवड्यांत बोटांना तांबूस गंज लागतो. वाजवून झालं की मी प्रत्येक तार फडक्यात धरून वरपासून खालपर्यंत पुसतो, तरीही. आषाढात गिटारची मान ओल धरून वाकली, तारा वर उचलल्या गेल्या आणि दहाव्या घरापुढे दाबायला अंगठा दुखायला लागला. मानेतला रॉड पाव फेरा आवळला, एक दिवस थांबलो, मग आणखी पाव फेरा. घाई केली तर लाकूड तडकतं. ॲम्प्लिफायरच्या जाळीवर हिरवी बुरशी आली होती, ती टूथब्रशने काढली.

आपण वाजवायला बसतो तो मांगर तसाच आहे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगलोरी कौलं. आवाज घुमू नये म्हणून भिंतीला लावलेल्या पेंढ्याच्या गुंड्या ह्या वर्षी बदलल्या, जुन्यांत उंदीर झाले होते. पण दादाने एक काम असं केलं की तू बघायला हवं होतंस. ती सततची घरघर आठवते ना, जिच्यामुळे आपण तीन वर्षं एकही गाणं धड रेकॉर्ड करू शकलो नाही? आपण समजत होतो ॲम्प खराब आहे. दादाने मीटर लावून बघितलं तर मांगराला अर्थिंगच नव्हती, पंपाच्या लाईनवरून नुसती वायर ओढलेली. मग त्याने काजूच्या झाडाखाली दोन दिवस पहारीने खड्डा खणला. खाली जांभा लागला, ठिणग्या उडत होत्या. तळाला तांब्याची पट्टी, वर लाकडी कोळसा आणि जाडं मीठ, पुन्हा कोळसा, पुन्हा मीठ, मग पाणी. वायर जोडून त्याने आतून हाक मारली, "आता चालू कर." मी चालू केलं. काहीच आवाज नाही. मला वाटलं लाईट गेली. मग बाहेरचे बेडूक ऐकू आले, तेही स्पीकरमधून, कारण माईक चालू होता. दादा दारात उभा होता, कोपरापर्यंत काळा. मला भरून आलं रे. तीन वर्षं जे आपल्याला आपलं वाजवणं कच्चं असल्यासारखं वाटायचं, त्यातलं निम्मं त्या खड्ड्यात होतं.

माघात एका महोत्सवात बोलावलं होतं, ते तुला सांगितलंच नाही. तेव्हा सांगवत नव्हतं. ड्रमवाल्याने कंपनीला बदली पखवाजी देऊन एक रात्र मागून घेतली. वेळ आठची ठरली होती. मग सत्कार, मग भाषणं, मग पुन्हा सत्कार. आम्ही स्टेजच्या मागे गिटार सुरात लावत बसलो आणि दवाने ती पुन्हा पुन्हा उतरत होती. चढलो तेव्हा नऊ पस्तीस झाले होते. दहाला स्पीकर बंद करावाच लागतो, २००० सालच्या नियमापासून तसंच आहे आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्या दीड तासाबद्दल आहे. अडीच गाणी झाली. तरीचं गाणं मध्येच तोडलं. आठ हजार ठरले होते, हातात पाच आले, त्यातले अडीच टेम्पोवाल्याला.

पण ती रात्र वाया गेली असं आता म्हणवत नाही. सामान उचलत असताना एक म्हातारे गृहस्थ जवळ आले. आधी त्यांनी विचारलं, "तुमी बँडवाले मां? वरातीक कितके घेतास?" ते सगळेच विचारतात. मी सांगितलं, आम्ही आमची गाणी करतो, वरातीत नाही वाजवत. ते थोडा वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "तां मगासचा गाणा बरा होता. नावाडी म्हणजे आपलो तरीवालोच मां?"

मित्रा, त्या प्रश्नाने मला झोप लागली नाही. ते गाणं ज्या तरीवर सुचलं तिथे आपण जन्मात कोणाला नावाडी म्हटलं नाही. दोघांनी मिळून लिहिलेली ती ओळ, "थांब जरासा नावाड्या, निरोप सांगायचा राहिला", मला तेव्हा फार सुंदर वाटायची. आणि अजूनही ती वाईट नाही. पण ती आपण पुस्तकातून आणली होती. बघ ना, हे पत्रसुद्धा मी तुला कुठल्या भाषेत लिहितोय! समोर असतास तर एवढ्यात चार शिव्या मालवणीतून दिल्या असत्यास. कागद समोर आला की आपण दोघेही शाळेतल्या बाकावर जाऊन बसतो.

मग लिहायला घेतलं: "वायच थांब रे तरीवाल्या, निरोप सांगूक ऱ्हवलो." लिहिताना हाताला आडकाठी झाली नाही, पण वाजवताना सगळं मोडलं. जुनी ओळ "थांब" वरच सुरू व्हायची, समेवर, ठेक्याच्या पहिल्या मात्रेवर. आता पुढे "वायच" आलं, म्हणजे आपलं "जरासं". ते समेवर धरलं तर गाणारा हुकूम सोडल्यासारखा वाटतो, आणि तो तर विनवणी करतोय. आषाढ निम्मा ह्यातच गेला. ड्रमवर कसंही बसवलं तरी किक धाडकन यायची आणि "वायच" तिच्याखाली चेंगरायचं. एका रात्री मी ड्रमवाल्याला नको ते बोललो. तो काही न बोलता काड्या ठेवून उठला. मला त्याची अजून लाज वाटते. मी माफी मागितली आहे.

त्याच वेळी मला गोव्यातून निरोप आला होता. एका शॅकवर, ऑक्टोबर ते मे, आठवड्यातून चार रात्री, ठरलेली हिंदी-इंग्रजी गाणी. पैसे असे की बागेचं कर्ज दोन हंगामांत फिटेल. बाबा म्हणाले, "जा. गाणाच करतलंस मां?" त्यांचं चूक नाही. मी पुष्कळ विचार केला आणि शुक्रवार-शनिवार दोनच रात्री घेतल्या आहेत. लोक जेवताना वाजवायला मला कमीपणा वाटत नाही. पण चार रात्री दुसऱ्यांची गाणी वाजवून पाचव्या दिवशी हात आपल्या गाण्यासाठी उघडत नाही, हे मी एकदा अनुभवलंय. तू त्या वेळी होतास.

आता ती रात्र. आषाढातली एकादशी होऊन गेली होती. नऊच्या सुमाराला वारा सुटला आणि लाईट गेली. ॲम्प नाही, कीबोर्ड नाही. दादाने पेटी ओढून घेतली. मी नुसत्या गिटारवर ओळ म्हणत होतो, कौलांवर पाऊस. ड्रमवाला अंधारात काही वेळ बसून राहिला आणि म्हणाला, "थांब. माका पखवाज आणूक दी."

पावसात तो पखवाज त्यांच्या चुलीच्या वरच्या माळ्यावर असतो, धुरात, म्हणजे चामडं ओलावत नाही. तो गोणपाटात गुंडाळून घेऊन आला. माझ्या आईने कणीक मळून दिली. मेणबत्तीच्या उजेडात मी ते पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. "सा खंयचो?" त्याने विचारलं. काळी एक. दादाने पेटीवर तो धरून ठेवला आणि ह्याने हातोडीने गठ्ठे ठोकत उजवं तोंड त्या सुराला आणलं. मग डाव्या तोंडाच्या मधोमध कणकेचा गोळा थापला, पुरीएवढा. थाप मारली. आवाज बसका, मेलेला. त्याने चिमूटभर कणीक काढली. पुन्हा थाप. पुन्हा चिमूट. कान पखवाजाला लावून असं पाच-सहा वेळा. आणि एका थापेला खालून तो आवाज आला, घुंऽऽ, पेटीच्या सुराच्या बरोबर खाली, जमिनीतून यावा तसा. माझ्या छातीत लागला. तुझी जाड तार छातीत जिथे लागायची तिथेच.

मी गायला लागलो. त्याने साधा भजनी ठेका धरला, आठ मात्रांचा. "वायच" ला तो गप्प राहिला. उजव्या बोटांची नुसती कुजबुज. "थांब" वर डावी थाप. बस्स! गाणारा धावत येऊन काठावर थांबला, हाक मारली, आणि होडी जराशी डुलली. महिनाभर मी जे शब्दांत शोधत होतो ते त्या दोन मात्रांच्या गप्प बसण्यात होतं. हा माणूस वर्षाचे सात महिने, राजाने पाऊल टाकलं की थाप आणि राजा विचारात पडला की शांतता, असं रात्र-रात्र करत असतो. आणि आपण सहा वर्षं त्याला "साधं ठेव" म्हणून ड्रमवर बसवलं. तो कधी काही बोलला नाही, हे मला आता टोचतं.

परवा रेकॉर्ड केलं. दहा दिवस पावसाची उघडीप शोधत होतो. माईक डाव्या तोंडापासून वीतभर, थोडा तिरका. कणीक वाळली की सूर चढतो, म्हणून प्रत्येक वेळी बोट ओलं करून फिरवायचं. पाचव्या वेळेला झालं. शेवटच्या कडव्यात कौलांवर सर आली आणि आम्ही न थांबता वाजवत राहिलो. ती सर गाण्यात राहिली आहे.

इंटरनेटवर टाकू, पण त्यातून पैसे येतील ह्या भरवशावर राहायला नको. स्पॉटिफायवर २०२४ पासून वर्षभरात १००० वेळा वाजल्याशिवाय गाण्याचा पैसाच धरत नाहीत, आणि आपलं मागचं सहाशेच्या आसपास अडकलं होतं. आधी जत्रांच्या गावांत ऐकवायचं ठरवलंय. ते म्हातारे गृहस्थ भेटले तर त्यांना सगळ्यात आधी.

आता मूळ गोष्ट. तुझ्या जागेवर कोणी आलं, असं तुला गाणं ऐकताना वाटेल. मलाही पहिल्या रात्री आनंदाच्या खालोखाल तेच वाटलं आणि मी अपराध्यासारखा झोपलो. म्हणून सकाळी ड्रमवाल्याला विचारलं, बास परत आला तर हे सगळं मोडेल का? तो म्हणाला, मोडणार नाही, आणि तिसऱ्या ओळीनंतरचं एक आवर्तन त्याने मुद्दाम सोडलं आहे. तिथे पखवाज नाही, पेटी फक्त सूर धरून आहे. मला वाटलं होतं तो विसरला. "हय आपलो बासवालो येतलो," म्हणाला.

तेव्हा ती आठ मात्रा तुझ्या. फाईल सोबत पाठवली आहे. रात्री, लोकलमध्ये नको, कानाला नीट लावून ऐक. आणि ओळ बदलली ती तुला न विचारता, निम्मी तुझी असताना. पटली नाही तर स्पष्ट सांग, मी ऐकून घेईन.

गणपतीला कोकणकन्येने येशील तेव्हा बास घेऊन ये. बॅगेत तारांचा नवा संच टाक, पण आधी चढवू नकोस. मांगरात आल्यावर चढवू.

तुझा,
गिटारवाला