कशाला कोणाला त्रास

गावभाग, सांगली
दि. १५ ऑक्टोबर

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

ताप गेला, प्लेटलेट लाखावर आल्या, असं ताईनं कळवलं. जीव भांड्यात पडला. आता त्या विषयावर काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. तुझी आईही म्हणाली, पोरगं आत्ता कुठं उठून बसतंय, लगेच बोलू नका त्याला.

माईंचा गुडघा तसाच आहे. मागच्या खोलीचा दरवाजा अजून घासतोय. दुकानात दिवाळीची चोपडी-रोजमेळाची गडबड सुरू झाली.

पण तीन दिवस, बाळ! तीन दिवस डेंग्यू अंगावर काढून तू त्या आठव्या मजल्यावर पडून होतास आणि मी इथं गठ्ठे मोजत होतो. फोन लावला तर वॉचमननं उचलला. "साहेबांना रिक्षानं दवाखान्यात आणलंय," एवढंच ऐकू आलं, पुढचं कानात शिरलंच नाही. शुद्धीवर आल्यावर तुला विचारलं, ऑफिसातल्या कोणाला का नाही बोलावलंस? तर म्हणालास, "कशाला कोणाला त्रास, बाबा."

आणि मी आमच्या रोटरी क्लबचा विषय काढल्यावर चिडलास. "तुमचा क्लब म्हणजे मंगळवारचं जेवण आणि फोटो." जेवण असतं, खरं आहे. फेलोशिप म्हणतात त्याला. फोटोही जरा जास्तच काढतात, मलाही ते आवडत नाही. पण रोटरी ज्यानं सुरू केली तो पॉल हॅरिस शिकागोत तुझ्यासारखाच एकटा होता. लहान गावात वाढलेला, वकिली करायला मोठ्या शहरात आलेला. ओळखी पुष्कळ, पण दारात येऊन 'काय चाललंय' विचारणारं कोणी नाही. २३ फेब्रुवारी १९०५ ला तो, एक कोळशाचा व्यापारी, एक शिंपी आणि एक खाणींचा इंजिनीअर असे चौघं एका ऑफिसात बसले. पुढची बैठक दुसऱ्याच्या ऑफिसात, मग तिसऱ्याच्या. अशी फिरती म्हणून नाव रोटरी. समाजसेवा नंतर आली. आधी चार माणसं एकमेकांच्या जागेवर जाऊन बसली.

पुण्यात इतके क्लब आहेत. माझा मुलगा म्हणून सांगितलंस तर कुठल्याही मीटिंगला खुर्ची देतील. रोट्रॅक्ट आहे, रोटरीचाच तरुणांचा क्लब, तुझ्याच वयाची पोरं असतात. आठवड्यातला एक तास काढायला काय जातं तुझं? माणसानं वेळेवर…

बघ, सुरू झालं माझं. माफ कर. खोडत नाही, कारण कागद घाण दिसेल.

तुला पोलिओचा बूथ आठवतो का? तू नऊ वर्षांचा असशील. अ‍ॅनेट, म्हणजे रोटरीवाल्याचं पोर, म्हणून मीटिंगला येऊन गुलाबजाम खायचास, त्या वर्षी म्हणालास मलाही काम द्या. डॉक्टरकाकांनी तुझ्या हातात मार्कर दिला. ते डोस पाजणार, तू डाव्या करंगळीच्या नखावर खूण करणार. एक बाळ रडून मूठच उघडेना. तू त्याच्यापुढं मांडी घालून बसलास, आधी स्वतःच्या करंगळीवर काळं केलंस आणि त्याला दाखवलंस. त्यानं हळूच मूठ सोडली. जानेवारी २०११ नंतर देशात मूळच्या, नैसर्गिक विषाणूच्या पोलिओचा नवा रुग्ण सापडला नाही, आणि मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. त्या मंगळवारी मी सगळ्यांना तुझ्या त्या करंगळीची गोष्ट सांगितली. तुला कधी सांगितलं नव्हतं.

अजून एक सांगितलं नव्हतं. ऑगस्ट २०१९ चं.

आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी, आणि पाणी ५७ च्या वर गेलं होतं. तू पुण्यात, रस्ते बंद. मी तुला फोनवर म्हणालो, "आम्ही ठीक आहोत, पाणी लांब आहे." तेव्हा पाणी आपल्या जिन्याच्या सातव्या पायरीवर होतं. मी मोजत उभा होतो. तुझी आई म्हणाली, क्लबातल्या टायरवाल्यांना कळवा. मी काय म्हणालो असेन? "कशाला कोणाला त्रास." अगदी हेच शब्द. तू कोणावर गेलास ते मला ठाऊक आहे.

तिनं माझ्या नकळत फोन केला. तासाभरात टायरवाले काका गल्लीत. ट्रकच्या दोन ट्यूबा फुगवून त्यावर फळी बांधलेली, स्वतः छातीभर पाण्यात. आधी माईंना नेलं, मग आईला, मग मला. विश्रामबागेत त्यांच्या घरी नऊ दिवस राहिलो. काकूंनी एकदाही 'किती दिवस' असं विचारलं नाही.

पाणी उतरल्यावर दुकान उघडलं. कागदाची रिमं भिजून अशी फुगली होती की रॅकचे लोखंडी कोन वाकले होते. मी पायरीवर बसून राहिलो. मागून फावड्याचा आवाज आला. क्लबचे अकरा जण, पँटी वर खोचलेल्या. माझ्याशी कोणी बोललं नाही. चिखल ओढत राहिले. डॉक्टरकाका, ज्यांनी घरात कधी केरसुणी धरली नसेल, ते खराट्यानं फरशी घासत होते. संध्याकाळी भडंग आणि चहा झाला आणि मी सगळ्यांसमोर रडलो. पन्नाशी उलटल्यावर.

मी नसेन तेव्हा तुझा फोन कोणाला जाईल, एवढंच मनात येतं रात्री. क्लबात जा असं नाही म्हणत. नको जाऊस. पण रात्री दोन वाजता विचार न करता लावावा असा एक नंबर… पुन्हा तेच लिहितोय. आईला हे पत्र दाखवणार नाही.

ताई रविवारी येतेय. तिच्याबरोबर भडंगाचे दोन पुडे देतोय, लसूण जास्त घातलेलं. एक तुझा. दुसरा त्या वॉचमनला खाली जाऊन स्वतः दे, आणि त्याचं नाव काय ते मला कळव. त्या दिवशी घाबरून विचारायचंच राहिलं.

पपई खा. पाणी पीत राहा.

तुझा,
बाबा